एसीएल तुटलं, एक डॉक्टर हॅमस्ट्रिंग म्हणतात, दुसरे वाटीखालचा टेंडन. कोणाचं ऐकायचं?

तुमचा भाऊ २२ वर्षांचा, कबड्डी खेळतो, चढाईत पाय अडकून गुडघा पिरगळला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारं लिगामेंट (दोरीसारखा बंध), तुटलं, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. असे गुडघे रोज पाहते, म्हणून मनापासून सांगते.

दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. पूर्ण तुटलेलं लिगामेंट सहसा शिवत नाहीत, त्याच्या जागी शरीरातल्याच एखाद्या टेंडनचं (हाडाला जोडलेल्या चिवट दोरीचं) नवं बसवतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. एक डॉक्टर तो मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंमधून घ्या म्हणतात, दुसरे गुडघ्याच्या वाटीखालून. हॅमस्ट्रिंगच्या ऑपरेशनला मी एकदा थिएटरमध्ये उभी होते. नडगीच्या आतल्या बाजूला लहानसा छेद घेऊन दोन लांब टेंडन काढले, त्यांना चिकटलेलं मांस खरवडलं, दुमडून चार पदर केले, टोकं धाग्याने शिवली. मग जाडी मोजायच्या भोकांतून तो ग्राफ्ट ओढून पाहिला. ८ मिमीच्या भोकात घट्ट बसला, तेव्हाच सर्जन पुढे गेले. त्याहून बारीक ग्राफ्ट तरुण खेळाडूंमध्ये पुन्हा तुटायची भीती जास्त.

वाटीखालच्या टेंडनच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. हाडाला हाड लवकर जुळतं, ग्राफ्टही दणकट. पण पुढे गुडघे टेकताना वाटीखाली दुखू शकतं, आणि कबड्डीत गुडघ्यावर पडणं रोजचंच.

म्हणून भावासाठी मी हॅमस्ट्रिंग निवडेन, मात्र त्याच ऑपरेशनमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला शरीरातल्याच उतीचा जादा पट्टा शिवून. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ ते २५ वयाचे ६१८ रुग्ण होते. नुसत्या हॅमस्ट्रिंगवाल्यांपैकी ११ टक्क्यांचा ग्राफ्ट दोन वर्षांत पुन्हा तुटला, पट्टा लावलेल्यांमध्ये ४ टक्क्यांचा. हा पट्टा लावणार का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मांडीच्या हाडातला बोगदा, म्हणजे ग्राफ्ट बसवायला पाडलेलं भोक, मूळ लिगामेंटच्या जागीच घेणार ना, हेही विचारा. जागा चुकून ग्राफ्ट उभा बसला तर चालताना काही जाणवत नाही, पण वळताना गुडघा सटकत राहतो.

आणखी एक, भावाला समोर बसवून सांगा. अडीच-तीन महिन्यांनी दुखणं थांबतं, सूज उतरते, पोरं पळायला लागतात. नेमका तेव्हाच ग्राफ्ट कच्चा असतो, त्यात नवा रक्तपुरवठा अजून रुजत असतो. किमान ९ महिने मॅटवर उतरायचं नाही, आणि त्यानंतरही मांडीची ताकद मोजूनच.

एमआरआयमध्ये मेनिस्कसबद्दल (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीबद्दल) काय लिहिलंय ते कळवा. ती शिवावी लागली तर पहिल्या सहा आठवड्यांचा व्यायामच वेगळा असतो.