फोन १९७० मध्ये का जातो?

प्रश्न : जुन्या फोनची बॅटरी पार उतरली की तारीख १ जानेवारी १९७० दिसते. फोन गेला का?

उत्तर : नाही हो, ठणठणीत आहे! युनिक्स ही संगणक चालवणारी जुनी प्रणाली; तिच्या घराण्यातली यंत्रं (आपले फोनही) त्या दिवसापासूनचे सेकंद मोजतात. आकडा शून्यावर आला की तीच तारीख. नेट जोडा, वेळ सुधारेल. माझ्या राउटरच्या लॉगमध्येही (म्हणजे त्याच्या नोंदवहीत) वीज आल्यावर पहिल्या चार ओळी १९७०च्या असतात. एकदा त्यांच्यापायी अख्खी रात्र जागलो होतो (नवखा होतो, हसू नका).

खरी गंमत पुढेच. हे सेकंद ३२ बिटांत (०-१च्या ३२ घरांत) अधिक-उणे चिन्हासह साठवले, तर मोजणी २,१४,७४,८३,६४७ला संपते, म्हणजे १९ जानेवारी २०३८ला. पुढच्याच सेकंदाला आकडा उलटून उणे होतो आणि तारीख १३ डिसेंबर १९०१! ६४ बिटांत वेळ ठेवणाऱ्यांना ही धास्ती नाही.