छत्री उघडून वर्गात बसणारी मुलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दहावीत आहे. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत माझ्या वयाच्या मुलांनी स्वतःहून काही केलं, की मोठ्यांनी सांगितलं तेवढंच?

स्वतःहून केलं, आणि मोठ्यांना पत्ता लागू न देता केलं. बार्बरा जॉन्स हे नाव लक्षात ठेव. व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिलची ही १६ वर्षांची मुलगी. तिची मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा १८० जणांसाठी बांधलेली होती, पटावर मात्र साडेचारशेच्या वर. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या होत्या. लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत. पावसात छत गळायचं, मुलं वर्गात छत्री उघडून बसायची. हिवाळ्यात शेगडीजवळच्याला घाम फुटायचा आणि कोपऱ्यातला कोट घालून कुडकुडायचा. एका सकाळी बार्बराची बस चुकली. ती रस्त्याकडेला उभी असताना गोऱ्या मुलांची बस तिच्यासमोरून निघून गेली, निम्मी रिकामी.

२३ एप्रिल १९५१ ला मुख्याध्यापकांना फोन आला : तुमची मुलं बसस्टँडवर अडचणीत सापडली आहेत. ते धावले. फोन खोटा होता, मुलांनीच घडवून आणलेला. मग वर्गावर्गांत चिठ्ठी फिरली, सगळ्यांनी सभागृहात जमावं. खाली सहीच्या जागी नुसतं ‘जे’. मुख्याध्यापकांचं आडनाव जोन्स, ते अशीच सही करत. पडदा उघडला तर समोर बार्बरा! तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. तो दोन आठवडे चालला.

मुलांना हवी होती चांगली इमारत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन म्हणाले, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडा अशी मागणी असेल तर आम्ही लढू. मुलं तयार झाली, पालकही उभे राहिले. ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा लागला. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद ज्या ब्राउन निकालाने बेकायदा ठरवला, त्यात एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी हा एक होता.

पण निकाल लागला म्हणून शाळा मिळाली असं समजू नकोस. एकत्र शाळा नकोत म्हणून फार्मव्हिलच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं. १९६४ पर्यंत ते निघालं नाही. गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली. कृष्णवर्णीय मुलांची शिकायची वर्षं वाया गेली ती गेलीच. मला ही गोष्ट सांगताना आजही राग येतो.

प्रश्न : रोझा पार्क्सच्या आधी एका शाळकरी मुलीने बसमधली जागा सोडायला नकार दिला होता, हे खरं का?

खरं. क्लॉडेट कॉल्विन, वय १५. अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर, २ मार्च १९५५. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून पार्क्सबाईंना अटक झाली आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, त्याच्या नऊ महिने आधी. वर्गात नुकताच कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकून झाला होता. पोलिसांनी तिला बसमधून ओढून काढलं. पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केलं नाही; ती कोवळ्या वयाची, गरीब घरची, आणि पुढे लग्नाआधी गरोदर राहिली. तरीही बसमधला वर्णभेद ज्या खटल्याने १९५६ मध्ये संपवला, त्यातल्या चार वादींपैकी एक तीच होती.

प्रश्न : मी दोन मुलांची आई आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात मुलांना पोलिसांच्या कुत्र्यांपुढे पाठवणं तुम्हाला पटतं का?

ताई, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मार्टिन ल्यूथर किंग स्वतः कचरत होते, दुसरे कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांनी तर कडक टीका केली. पण मोठी माणसं तुरुंगात गेली की नोकरी जायची, घर जायचं. मुलांच्या हातून जाण्यासारखी नोकरी नव्हती. २ मे १९६३ ला शेकडो मुलं सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधून गात बाहेर पडली. रेडिओवरच्या निवेदकांनी टूथब्रश सोबत घ्यायची खूण आधीच दिली होती, कारण मुक्काम तुरुंगात होता. ऑड्री फे हेन्ड्रिक्स ही ९ वर्षांची मुलगी आठवडाभर आत राहिली. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी शहराचे पोलीसप्रमुख अधिकारी बुल कॉनर यांच्या हुकमावरून बंबाचे फवारे आणि कुत्रे सोडले गेले. तुरुंग भरले, तेव्हा मुलांना जत्रेच्या मैदानात कोंडलं. १० मे रोजी शहरातल्या व्यापारी पुढाऱ्यांनी दुकानांतला वर्णभेद हटवण्याची तडजोड मान्य केली. शिक्षण मंडळाने हजारावर मुलांना शाळेतून काढलं, ते वरच्या न्यायाधीशांनी दोन दिवसांत रद्द केलं.

मला पटतं का? आधी पटत नव्हतं. मग १५ सप्टेंबरची तारीख डोळ्यांसमोर येते. त्या रविवारी त्याच चर्चमध्ये बाँब फुटला आणि चार मुली गेल्या, तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. त्या मोर्चाला निघाल्या नव्हत्या, प्रार्थनेला आल्या होत्या. घरी बसवून त्या शहरात मूल सुरक्षित राहत होतं, असं आता मला म्हणवत नाही.

प्रश्न : या चळवळीचा नागपूरशी संबंध आहे असं ऐकलं. कसा?

थेट संबंध आहे. कोरियाच्या युद्धात सैन्यात जायला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगून आलेले जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी वाचली तीही नागपुरातच. परतल्यावर टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या चर्चमध्ये ते कॉलेजच्या मुलांची शिबिरं घेत. निम्म्या मुलांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर धूर सोडायचा. उरलेल्यांनी हात न उचलता बसून राहायचं. त्या शिबिरांतून तयार झालेला एक तरुण म्हणजे जेम्स बेव्हल. १९६३ च्या वसंतात बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांना चर्चमध्ये जमवून नॅशव्हिलच्या सत्याग्रहाची फिल्म दाखवत होता, तो हाच.