पडद्यावरच्या माणसाला पत्र

प्रश्न: रोज रात्री ज्यांच्या बातम्या ऐकतो, ते वृत्तनिवेदक आता निवृत्त होताहेत. ओळख ना पाळख, तरी पत्र लिहावंसं वाटतं. हसतील का?

उत्तर: हसतील कशाला? खुशाल लिहा. मी स्वतः काही वर्षं बातम्या वाचल्या आहेत. समोर कॅमेरा, त्यावर सरकणारी अक्षरं, कानात निर्मात्याची घाई. ऐकणारा मात्र कुठेच दिसत नाही. त्यामुळे ‘आपण थोर आहात’ छापाचा मजकूर नको, त्याचा कंटाळा येतो. एखादी नेमकी आठवण लिहा. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या मृत्यूची बातमी वाचून तिथले वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी चष्मा काढला, घड्याळाकडे पाहून वेळ सांगितली, आणि क्षणभर त्यांचा आवाज अडकला. १९८१ मध्ये त्यांनी ‘सीबीएस’ वाहिनीचं रात्रीचं बातमीपत्र सोडलं, पण लोक अजून तो चष्माच आठवतात! तुमच्या निवेदकांचंही असं काही असेलच: एखादं अवघड नाव, चूक झाल्यावर मागितलेली सरळ माफी. चार ओळी पुरेत. वाहिनीच्या पत्त्यावर पाठवा, पण शेवटच्या दिवसाआधी पोचू द्या. नंतर ते टेबल दुसऱ्याचं झालेलं असतं.