वाळूतली गोल्डनरॉड आणि आपली सोनकी

प्रश्न : सप्टेंबरअखेर मुलीकडे न्यू जर्सीला आलो असता समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर कमरेएवढी उंच, पिवळ्याधमक फुलांची रोपे दिसली. ही ‘गोल्डनरॉड’ असून तिच्या परागांमुळे शिंका येतात, असे शेजाऱ्यांनी सांगितले. पाने जाड व गुळगुळीत होती. ही आपल्या सोनकीचीच जात आहे काय?

उत्तर : आपण पानांचे वर्णन दिले, हे फार बरे झाले. वाळूतली जागा आणि मांसल, गुळगुळीत, दाते नसलेली पाने पाहता ही गोल्डनरॉडची किनाऱ्यावर वाढणारी जात, सॉलिडॅगो सेम्परवायरेन्स, असावी. शेताच्या बांधावर माजणाऱ्या कॅनडा गोल्डनरॉडची पाने पातळ व दातेरी असून त्यांवर तीन ठळक शिरा दिसतात. सोनकीही सूर्यफुलाच्याच कुळातली. मात्र ती सेनेशिओ या वेगळ्या प्रजातीत मोडते. सोनकीची फुले सुटी व ठसठशीत असतात, तर गोल्डनरॉडच्या कमानदार फांद्यांवर अवघ्या काही मिलिमीटरची असंख्य स्तबके (एकच फूल वाटणारे, पुष्पकांचे म्हणजे इवल्या फुलांचे गुच्छ) बहुधा एकाच बाजूला दाटीने लागतात. त्यांतले एक स्तबक उकलून भिंगाखाली पाहावे : कडेची जिभेसारखी पुष्पके केवळ मादी असतात आणि मधली नळीदार पुष्पके उभयलिंगी. फळाला केसांचा झुपका असल्याने बी वाऱ्यावर दूर जाते.

या जातीचा प्रदेश ध्यानात घेताना मिठाचा विचार आधी करावा लागतो. न्यूफाउंडलंड आणि सेंट लॉरेन्सच्या आखातापासून व्हर्जिनियापर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्यावर, खारे तुषार सतत अंगावर येतात अशा टेकड्यांवर आणि खाऱ्या दलदलीच्या कडेला ती वाढते. दक्षिणेकडे मेक्सिकोच्या आखातापर्यंत आढळणाऱ्या रोपांना काही अभ्यासक तिचीच उपजाती मानतात, तर काही स्वतंत्र जाती. विसाव्या शतकात हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकण्याची पद्धत रुळली आणि ही किनाऱ्याची वनस्पती महामार्गांच्या कडेने मिशिगन, ओहायो, इलिनॉयसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या राज्यांत जाऊन पोहोचली. खाऱ्या मातीत इतर गवते मागे पडतात, तिथे हिला मोकळी जागा मिळते. माणसाच्या एका सवयीने वनस्पतीचा नकाशा कसा बदलतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला तरी दुसरे सुचत नाही.

ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे बाकीची फुले सरत आली असताना, ही फुलते. म्हणूनच मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरे न्यू जर्सीच्या केप मे परिसरात हिच्या मधावर उतरतात.

शिंकांचा दोष मात्र हिच्यावर येऊ नये. हिचे पराग जड व चिकट असून ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे तरंगत नाहीत. त्याच दिवसांत रॅगवीड नावाचे तण फुलते. त्याची फुले हिरवट व नजरेत न भरणारी असतात आणि त्याचे हलके पराग वाऱ्याने सर्वत्र पसरतात. आपल्याला त्रास झाला असेल, तर रस्त्याकडेला बारीक चिरलेल्या पानांचे ते रोप शोधून पाहावे.