थंडी संपत आली आहे. ठाण्यात बाल्कनीत भाज्यांच्या बिया कधी आणि कशा पेराव्यात?

तुम्ही लिहिलंय की नवव्या मजल्यावर राहता, कोबी, गाजर आणि टोमॅटोची पाकिटं आणून ठेवली आहेत, आणि 'बिया घरात रुजवा, रोपं दीड महिन्याने बाहेर काढा' असं एका व्हिडिओत पाहिलंय. तो सल्ला बर्फ पडणाऱ्या मुलखातला आहे. तिकडे थंडी सरली की भाजीचा हंगाम सुरू होतो, आपल्याकडे थंडी सरली की थेट उन्हाळा. रथसप्तमी झाली की दुपारी लादी तापायला लागते. कोबी आणि गाजराची पाकिटं हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, त्यांना ऑक्टोबरात बाहेर काढू.

टोमॅटोचं मी स्वतः भोगलंय. ऐरोलीत राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत बी पेरलं. झाड कमरेएवढं वाढलं, एप्रिलमध्ये फुलंही आली आणि तशीच गळून गेली. दिवसा पारा ३५ च्या पुढे आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटो फळ धरत नाही. एवढीच हौस असेल तर नर्सरीतून तयार रोप आणा, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत थांबा.

आता पेरायचं ते उन्हाळी: भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, तांबडा माठ. मिरची आणि वांग्याची रोपंही आत्ताच करा.

पण बिया भिजवण्याआधी एक काम. खडू घ्या आणि ऊन बाल्कनीत कुठवर येतं त्याची लादीवर खूण करा. माझी बाल्कनी दक्षिणेला आहे. जानेवारीच्या शेवटी भरदुपारी ऊन सहा फूट आत येतं, मार्चअखेर जेमतेम अडीच फूट, आणि मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर आला की वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो. दक्षिणेच्या बाल्कनीत आज दिसणाऱ्या उन्हावर हुरळून भिंतीशी कुंड्या मांडल्या की एप्रिलमध्ये भेंडी सावलीत लांबुडकी होते. फळभाजी ग्रिललगत, आतल्या बाजूला माठ आणि मेथी, असं ठरवून मांडा. ग्रिलवर भार टाकताना जपून, बारा इंची भिजलेली कुंडी सहज पंधरा-वीस किलो भरते. खाली ताटली ठेवाच. आठव्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर लाल पाणी ठिबकलं की बागकाम तिथेच संपतं.

माती: नर्सरीतली नुसती लाल माती भरू नका, उन्हात तिची वीट होते. ती एक भाग, गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला वास येत असेल तर ते कच्चं आहे, रोपांची मुळं जाळतं. जुन्या कुंडीतली माती टाकू नका, गच्चीवर पसरून चार-पाच दिवस ऊन द्या.

मिरची आणि वांग्यासाठी चहाचे कागदी कप चालतात, फक्त बुडाला तीन-चार भोकं पाडा. मी एकदा भोकं पाडलीच नाहीत. वर रोज पाणी. रोपं दोन पानांवर असताना मुळाशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी झाली, याला मर म्हणतात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, त्याहून जास्त नाही. पाणी स्प्रेने. वांगं आठवड्या-दहा दिवसांत उगवतं, मिरची दोन आठवडेही घेते, म्हणून चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका! कोंब दिसला की कप लगेच उजेडात न्या. चार-पाच पानं आली की संध्याकाळी कुंडीत लावा.

भेंडी, काकडी आणि दुधी यांना हलवलेलं सोसत नाही, बी थेट कुंडीत टोकायचं. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात ठेवा. मात्र पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते न भिजवता पेरा आणि हात धुवा. भेंडीच्या वाणांत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका मिळाली तर बघा, दोन्ही पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देण्यासाठीच काढलेली आहेत. सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेली, असल्याने पुढच्या वर्षासाठी घरचं बीही धरता येतं. आणि दोन झाडं लावून भागत नाही. चौघांच्या एका वेळच्या भाजीला निदान सात-आठ झाडं हवीत, नाहीतर रोज दोन भेंड्या तोडून फ्रिजमध्ये साठवत बसाल.

आपल्याकडचा खरा शत्रू कीड नव्हे, कबुतर. कोवळे कोंब उपटून टाकतं आणि मऊ मातीत बैठक मारतं. पेरल्या दिवसापासून जाळी, किंवा पाण्याची बाटली अर्धी कापून वर पालथी.

दुधी लावलात तर तिची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, आणि नवव्या मजल्यावर त्या वेळी परागीकरणाला कोणी येईलच असं नाही. दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो, त्यावरून ओळख पटते.

बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पूर्वेला असेल तर वरचं सगळं जमेल, पश्चिमेला असेल तर यंदा गवार, भेंडी आणि चवळीवरच थांबा.