आजोबांची गाडी, आबांची ‘एफडी’

करवीर तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, हातात महिना ५८ हजार. पत्र दोन पानी आहे, त्यातलं कामाचं तेवढं देतो.

“आजोबांनी १९७४ साली घेतलेला महिंद्राचा चपट्या तोंडाचा एफसी-१५० पिकअप आमच्या गोठ्यामागं उभा आहे. त्यातून गूळ मार्केट यार्डात जायचा. १९९८ पासून बंद आहे, पत्रा गंजलाय, हौद्यात गवत उगवलंय. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी साडेसहा लाखांचा अंदाज दिलाय. पूर्ण करून मी तोच रोज कामावर न्यायचा म्हणतो, जाऊन-येऊन ४० किलोमीटर. व्हिंटेज गाड्यांना भाव आहे, पाच वर्षांनी १५ लाख सहज येतील असं मित्र म्हणतो. पैसे आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, एफडीतून घ्यायचे आहेत. त्यांचे कारखान्यातून निवृत्त झाल्यावरचे २० लाख होते. त्यातले ४-४ लाख २०२४ पासून बँकेतल्या मॅडमनी सात टक्के गॅरंटीड एफडीत टाकले, वर माझा ४० लाखांचा विमा फुकट. उरलेले १२ साध्या एफडीत आहेत, त्यातून साडेसहा काढावेत की मेमधला तिसरा हप्ता झाल्यावर त्या गॅरंटीडवर कर्ज घ्यावं? कागदावर हप्ता १० वर्षं छापलाय, पण मॅडम म्हणाल्या पाच वर्षांनी थांबवता येतो. २० वर्षांनी ८० लाख मिळणार आहेत.”

नमस्कार. तुम्ही गाडीचं विचारलंत, पण माझी नजर अडकली ती ‘तिसरा हप्ता’ या दोन शब्दांवर. एफडीला हप्ता नसतो. ज्याला दरवर्षी हप्ता आहे, वर विमा आहे आणि २० वर्षांनी मिळणारा आकडा आहे, ती विमा पॉलिसी. तुमच्या आबांना ६६ व्या वर्षी बँकेच्या टेबलावर बसवून २० वर्षांची एन्डोमेंट, म्हणजे बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी, विकली. ती पिकेल २०४४ साली, तेव्हा आबा ८६ वर्षांचे असतील. विमा कुणाचा? तुमचा. हप्ता कोण भरतंय? ज्यांची ईपीएस (पीएफसोबतची) पेन्शन महिना अडीच-तीन हजारांच्या वर क्वचितच जाते, ते कारखान्याचे निवृत्त कामगार. ही पॉलिसी त्यांच्या गरजेसाठी विकलेली नाही, कुणाच्या तरी टार्गेटसाठी विकलेली आहे.

आता ‘सात टक्के’ बघू. कागदावर १० हप्ते आहेत, चाराचे, म्हणजे ४० लाख. ८० मिळणार, म्हणजे दुप्पट. पैसे एकदम जात नाहीत, पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११. सरासरी धरा साडेपंधरा वर्षं. पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते कळलं की बहात्तरला त्या वर्षांनी भागायचं, व्याजदराचा अंदाज येतो. बहात्तरला साडेपंधरानं भागा, साडेचार टक्क्यांच्या जरा वर आकडा येतो. हेच ते सात टक्के. गॅरंटीड आहे हे मात्र खरं. साडेचार टक्केच मिळणार, याची गॅरंटी.

आणि हे दहाही हप्ते भरले तर. आबांकडे होते २० लाख, कबूल केले ४०. वीसला चारानं भागलं की पाच येतात, म्हणून ‘पाच वर्षांनी थांबवता येतं’ हे वाक्य त्या दिवशी तुमच्या कानाला गोड लागलं. थांबवता येतं, नाही कोण म्हणतंय! पण पाच हप्त्यांवर थांबवली की पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे हप्ते बंद पण पॉलिसी कमी रकमेवर चालू, आणि ८० लाखांचे साधारण निम्मे उरतात. तेही २०४४ लाच, कधीकधी निम्म्याहून कमी. मॅडमनी सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

यात गाडी घाला. बारातून साडेसहा गेले, साडेपाच राहिले. मेमध्ये चार गेले, दीड राहिले. पुढच्या मेला हप्ता कुठून भरणार? आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर? म्हणजे हाच बारा लाखांचा डबा तुम्ही तीनदा रिकामा करायला निघालाय: हप्त्यांसाठी, गाडीसाठी आणि म्हातारपणासाठी. आणि पॉलिसीवर कर्ज म्हणाल तर ते सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर हातात येणाऱ्या रकमेच्या, काही टक्केच मिळतं. हप्त्यांसाठी आठ लाख गेले म्हणून कर्ज आठ लाखांवर मिळेल, असं गृहीत धरू नका.

तर मेचा हप्ता भरायचा नाही. आठ लाख ‘वाया जातील’ म्हणून आणखी बत्तीस लाख घालायचे, हा हिशेब माझ्याकडं येणाऱ्या दर तिसऱ्या पत्रात असतो. गेलेले आठ काय व्हायचे ते होवोत, पुढचे चार कुठं जाणार हे मात्र अजून तुमच्या हातात आहे.

गेलेल्या आठ लाखांचं काय करता येईल? पॉलिसी हातात आल्यावर नको म्हणून परत करायची मुदत, फ्री-लूक, केव्हाच उलटली. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ च्या नव्या सरेंडर नियमांच्या आधीची आहे, त्यामुळं दुसऱ्या वर्षात हमीची सरेंडर व्हॅल्यू भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, तिसऱ्यात ३५. म्हणजे आज सोडली तर किमान दोन लाख चाळीस हजार, मेची तारीख उलटल्यावर दोन ऐंशी. कंपनीची ‘स्पेशल’ व्हॅल्यू याहून जास्त असू शकते. दोन हप्ते पूर्ण भरलेले असल्यानं पॉलिसी बुडत नाही, पेड-अप राहते. पेड-अपचे २०४४ ला किती आणि आज सरेंडरचे किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा. तोंडी आकडा घेऊ नका, तोंडी आकड्यानंच इथवर आणलंय. पावणेतीन लाख सात टक्क्यांनी अठरा वर्षांत सव्वानऊच्या आसपास जातात. पेड-अपचा आकडा त्याहून बराच मोठा असेल तर पॉलिसी पडून राहू द्या. नसेल तर सोडा.

पण हे दोन्ही दुसऱ्या नंबरचे उपाय. पहिला उपाय तक्रार. पॉलिसीच्या बुकलेटमध्ये मागं प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्यासाठी भरलेल्या अर्जाची, प्रत असते. ती काढा आणि चष्मा लावून वाचा. आबांचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय? अशा फॉर्मांवर पेन्शनरचे बारा लाख उत्पन्न आणि व्यवसायात ‘शेती-व्यापार’ मी स्वतः पाहिलंय, अक्षर अर्थातच पेन्शनरचं नव्हतं. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील, त्यात ‘एफडी’ शब्द असेल, तर ते स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. पॉलिसी निघताना कंपनीचा एक कॉल आला असेल, त्यावर सगळ्याला ‘हो’ म्हणा असं आबांना सांगितलं असेल. त्याचं रेकॉर्डिंग लेखी मागा. मग बँक आणि विमा कंपनी दोघांच्या तक्रार अधिकाऱ्यांना एकच पत्र: एफडी सांगून विमा विकला, पैसे परत करा. सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जायचं. तिथं फी नाही, वकील लागत नाही. सगळ्यांना पैसे परत मिळतात असं मी म्हणणार नाही. फॉर्मवर खोटं उत्पन्न आणि मेसेजमध्ये ‘एफडी’ असं दोन्ही सापडलं तर तुमची बाजू जड आहे. तक्रार चालू असताना सरेंडर मात्र करू नका. एकदा पैसे उचलले की भांडायला काही उरत नाही.

उरलेले बारा लाख आबांच्या नावानं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. पोस्टात, ८.२ टक्के, दर तिमाहीला व्याज खात्यात. महिन्याला सव्वाआठ हजारांच्या घरात पडतं. वीसही तिथंच असते तर साडेतेरा हजारांच्या वर गेले असते. तीन-साडेतीन लाख मात्र मोकळे हवे असतील तर तेवढे साध्या एफडीत ठेवा, आजारपणाला लागतात. आणि तुमच्या ‘फुकट’ ४० लाखांच्या विम्याऐवजी स्वतःच्या पगारातून एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या. निर्व्यसनी असाल तर वर्षाला वीस-पंचवीस हजार, आणि आता त्यावर जीएसटीही नाही.

आता गाडी.

मला तिचं वाकडं नाही. चपट्या तोंडाची ही गाडी मुळात अमेरिकेच्या विलीजची, महिंद्रानं इथं बांधली. ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या मांडीशेजारी तापत असतं. इंजिन जीपचंच, २.२ लिटर पेट्रोल. म्हणून पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह जुन्या बाजारात मिळून जातात आणि बोअर करायला कोल्हापूरसारखं गाव नाही. अडतं ते केबिनपाशी. पुढची काच, दाराची बिजागरं, दिव्यांच्या रिंगा घडवून घ्याव्या लागतात. आणि गंजाचा अंदाज कुणालाच आधी देता येत नाही, मिस्त्रीलाही नाही. रंग खरवडल्यावर चासी कळते. माझ्याकडं वडिलांची बजाज सुपर आहे. मिस्त्री अठरा हजारांत करून देतो म्हणाला होता, मी एकेचाळीस हजारांवर मोजणं बंद केलं. आणि ती स्कूटर होती, हौदा नव्हता तिला! तुमचे साडेसहा मी नऊ धरतो.

‘व्हिंटेज’ आणि ‘रोज कामावर’ या दोन वेगळ्या गाड्या आहेत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या, खासगी वापराच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण तो नंबर घेतला की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला बंदी. तुमची १९७४ ची, वयात बसते. पण गूळ वाहायची म्हणजे नोंद बहुधा मालवाहू असणार. खासगीत बदलून मिळाली तर पुढचं बोलणं. उलट रोज वापरायची म्हणून मिस्त्रींनी डिझेल इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग बसवलं, तर मूळ रूप गेलं आणि मित्राचे पंधरा लाखही गेले. ते तसेही नव्हते. ज्याला विकायची त्याचं नाव सांगता येत नाही, तोवर भाव म्हणजे गप्पा.

रोजचं गणित सांगतो. ४० किलोमीटर, महिना २५ दिवस, हजार किलोमीटर. जुनं पेट्रोल इंजिन, लिटरला सात देईल. महिन्याला पंधरा हजारांचं पेट्रोल, दुचाकीवर दोन हजारांत होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या कार्ब्युरेटरचे रबर, पंपाचा डायफ्रॅम, नळ्या सगळं त्याला टिकणारं घालावं लागेल, नाहीतर कागलच्या उड्डाणपुलावर ढकलत बसाल. मालवाहू नोंद राहिली तर थर्ड पार्टी विम्यालाच वर्षाला सोळा हजारांच्या आसपास, शिवाय दरवर्षी फिटनेस. खासगी झाली तर वीस वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाला दहा हजार फी, वर पर्यावरण कर. पगार ५८ हजार असलेल्या माणसाला हे परवडत नाही. आणि महामार्गावर ट्रेलरच्या मधोमध ड्रम ब्रेकवर, मागून हॉर्न मारणाऱ्या बसला वाट देत रोज जाणं, हे तुमच्या घरच्यांना विचारा.

पण एक गोष्ट कुणीच पाहिलेली दिसत नाही. गाडी कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असणार. त्यांच्यामागं फक्त आबा नाहीत, पत्राच्या शेवटी तुम्ही दोन आत्यांचा उल्लेख केलाय, ‘त्यांचा काही प्रश्न नाही’ असा. साडेसहा लाख लागल्यावर प्रश्न येतो. वारस म्हणून नावावर करायचा फॉर्म ३१ आहे, त्याला आत्यांची संमती लागेल. आधी आरटीओत जाऊन बघा, नोंद अजून जिवंत आहे का, संगणकात चढलीये का की बॅकलॉग एंट्री करावी लागेल, १९९८ पासूनचा कर आणि दंड किती साचलाय. याला चार-दोन हजार आणि तीन-चार खेटे. नोंदच रद्द झाली असेल तर पुढचा एक रुपयाही घालू नका.

नोंद जिवंत निघाली, आत्यांनी सही दिली, तर गाडी करा. पण रोजच्यासाठी नाही आणि आबांच्या पैशानं नाही. तुमची स्वतःची दीड लाखाची बचत आहे म्हणता, तिला हात लावू नका. पगारातून महिना सात-आठ हजार बाजूला टाका. पहिल्या वर्षी फक्त चासी: गंज काढणं, वेल्डिंग, पाटे, ब्रेकचे सिलिंडर. दुसऱ्या वर्षी इंजिन. फाळका आणि रंग सगळ्यात शेवटी. गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारा मिस्त्री पहिल्या दिवशीच रंगाचं कॅटलॉग दाखवतो, त्याच्याकडं जाऊ नका. असं केलं तर दहाएक वर्षं लागतील. तोवर खंडेनवमीला गोठ्यामागंच हार घाला.

या रविवारी करायचं ते एवढंच: हौद्यातलं गवत काढा, केबिनवर ताडपत्री टाका, चाकांखाली दगड देऊन गाडी मातीवरून वर घ्या, पावसाळा लांब नाही. आणि संध्याकाळी आबांच्या कपाटातली ती पॉलिसीची फाइल काढा. प्रपोजल फॉर्मवरच्या ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्याचा फोटो मला पाठवा, तक्रारीच्या पत्राचा मसुदा मी करून देतो.