उघडपणे समलिंगी असलेल्या कंडक्टर-संगीतकाराची मोठी कारकीर्द झाली आहे का?

झाली आहे. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासारख्या परंपरेला चिकटून चालणाऱ्या जगात कुणी कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचं संचालन करणारा, काही न लपवता शिखरावर पोहोचलाय का, असं तुम्ही विचारलंय. मला लगेच मायकल टिल्सन थॉमस यांचं नाव आठवतं.

जन्म १९४४, लॉस एंजेलिस. आजोबा-आजी न्यूयॉर्कच्या यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीचे तारे. आपल्याकडे संगीत नाटकातल्या नटांचं जसं वेड होतं, तसं तिथे त्यांचं. ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूयॉर्कला बॉस्टन सिम्फनी या ऑर्केस्ट्राची मैफल सुरू असताना कंडक्टर विल्यम स्टाइनबर्ग आजारी पडले आणि चोवीस वर्षांच्या या सहायकानं उरलेला कार्यक्रम पार पाडला.

प्रसिद्ध अमेरिकी कंडक्टर-संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनही असेच पुढे आले होते, १९४३ मध्ये, कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी पडल्यावर. नंतर ते थॉमस यांचे मार्गदर्शक झाले. पण बर्नस्टाइननी लग्न केलं, मुलंबाळं झाली, आणि पुरुषांबद्दलची ओढ बराच काळ झाकून ठेवली. त्या काळी मोठ्या ऑर्केस्ट्राचं पद हवं तर दुसरा मार्ग फारसा नव्हताच. थॉमस तसे जगले नाहीत. शाळेच्या ऑर्केस्ट्रात ओळख झालेले जोशुआ रॉबिसन १९७६ पासून त्यांचे जोडीदार; त्यांच्या कामाचा व्यापही तेच सांभाळत. २०१४ मध्ये दोघांनी लग्न केलं. १९९५ ते २०२० अशी सलग पंचवीस वर्षं थॉमस सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचे संगीत दिग्दर्शक होते. घरी कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लोक बोलत ते संगीतकार मालरच्या रचना ते कशा सादर करतात याबद्दल. मला याचं फार मोल वाटतं.

मायामीत तरुण वादकांसाठी १९८७ मध्ये त्यांनी न्यू वर्ल्ड सिम्फनी उभी केली, तेही मोठंच काम.

रचना मात्र थोड्या. कंडक्टरचं वर्ष दुसऱ्यांच्या संगीतातच निघून जातं. अ‍ॅन फ्रँकच्या डायरीवरची त्यांची रचना १९९० मध्ये ऑड्री हेपबर्न यांच्या निवेदनासह सादर झाली. अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनच्या कवितांना त्यांनी चाली दिल्या, त्यांत एकमेकांना बिलगून भटकणाऱ्या दोन मुलांची कविताही आहे. ती निवड मला फार बोलकी वाटते.

२०२१ मध्ये मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालं, तरी एप्रिल २०२५ पर्यंत ते मंचावर येत राहिले. ऐकायला सुरुवात करणार असाल तर जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कवी रिल्केच्या कवितांवरची त्यांची गाणी आधी घ्या. जर्मन येत नसेल तर कवितांचं भाषांतर शेजारी ठेवा.